अर्धा तुम्ही, अर्धा मी

४ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं कार्ड परवा आलं. तीन वर्षांनी कार्ड, आणि त्यात मोजून चार ओळी. तू तारेच्या काळात जन्मायला हवी होतीस. मी ते जिन्यातच उभ्याने वाचलं, वर येऊन बसून वाचलं, मग चष्मा सापडल्यावर नीट वाचलं. "ताई, एप्रिलच्या बारा तारखेला येते, चार दिवस. पण खाणंपिणं सगळं तुझ्या हातचं. आईने स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही. जमत असेल तर कळव."

जमतं. कळवलं. ये.

आईला सांगितलं. वाटलं होतं रडेल. तिने हातातला टॉवेल घडी करून ठेवला आणि म्हणाली, "येतेय ना? मग मी चार दिवस गॅलरीत बसेन. तिथे ऊन चांगलं येतं." मग तासाभराने परत आली आणि तुला अजून भाताची खरपुडी आवडते का, असं मला विचारलं. मला काय माहीत, म्हटलं, अकरा वर्षांत माणसाच्या आवडी बदलतात.

अकरा वर्षांपूर्वी आईने सात महिने तुझ्या दुधात औषधाचे थेंब घातले. ते तू विसरावंस असं मी म्हणत नाही. मागे एकदा "आईला माफ कर" असं लिहिलं, तर तीन वर्षं कार्ड बंद झालं. आता तोंडाला कुलूप.

माझं कसं चाललंय ते तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. वॉर्डात अडतीस पेशंट आणि सकाळच्या पाळीला आम्ही दोघी. कागदावर सहा आहोत. कागदावरच्या चौघी कधी आजारी पडत नाहीत, रजा मागत नाहीत, फार गुणी मुली आहेत. उरलेल्या दोघी धावतात. मी आता बावन्नची झाले, धावते म्हणजे मनाने धावते.

एक नवीन पेशंट आल्या आहेत. सहासष्ट वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, गणिताच्या. अख्खा वॉर्ड त्यांना बाई म्हणतो. मुलगा आणि सून आपल्या जेवणात काहीतरी कालवतात असं त्यांना वाटतं. म्हणून त्या फक्त सालीतलं खातात. केळी, संत्री, उकडलेलं अंडं. अंडं स्वतः सोलतात, कवचाला तडा असला तर परत पाठवतात. पाणी नळाचं, ओंजळीने. चार महिन्यांत सोळा किलो उतरल्यात. गोळी नेली की हसून म्हणतात, "सिस्टर, आधी रीत दाखवा, मग उत्तर सांगा." मी रीत सांगते, म्हणजे औषधाचं नाव, कशासाठी, काय त्रास होऊ शकतो, सगळं. त्या नीट ऐकून घेतात आणि म्हणतात, "छान समजावलंत. नको."

तुला केळ्यांची आठवण झाली असेल. शेवटचे चार दिवस तूही केळ्यांवरच काढलेस. मलाही झाली.

पलंगावरची गादी बदलायची का, ते कळव. तुझी पाठ दुखायची.

ताई


१३ मार्च

प्रिय धाकटे,

तिकीट काढलंस हे वाचून आईने कॅलेंडरवर बारा तारखेला काहीच खूण केली नाही. खूण केली की दृष्ट लागते म्हणे. तरी रोज सकाळी तिथेच बघत उभी असते.

इकडे आमच्या वॉर्डात मोठी बातमी. बाईंनी चहा घेतला. माझ्या हातचा. पण नुसता नाही हं, अट आहे. "अर्धा तुम्ही, अर्धा मी. आणि आधी तुम्ही." म्हणून सकाळी आठला आणि दुपारी एकला मी एक कप घेऊन त्यांच्या खाटेवर बसते, अर्धा पिते, त्या माझ्याकडे बघत राहतात, मग कप त्यांच्याकडे जातो. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "पंचवीस वर्षांच्या नोकरीत चहा प्यायचा पगार घेणारी तूच पहिली." मोठ्या डॉक्टरांनी राउंडला सगळ्यांसमोर शाब्बास म्हटलं. ते शाब्बास म्हणतात तेव्हा बहुधा नवीन काम देतात, त्यामुळे मी फार फुगले नाही.

आता त्या पोळीही खातात, माझ्यासमोर. काल म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास का ठेवते माहीत आहे? तुम्ही गोळी आणता तेव्हा गोळी म्हणून आणता. बाकीचे आणतात ते खाऊ म्हणून." मी म्हटलं, "बाई, चहा गार होतोय."

अक्षर बघून नावं ठेवू नकोस, हात जरा कापतोय. तोंडाला सारखी कोरड. जबडा सकाळी उठल्यावर दुसऱ्याचा लावल्यासारखा वाटतो. आणि पाय. दिवसभर उभं राहून दुखतात हे ठीक, त्याचं रडगाणं नवीन नाही, पण हल्ली बसल्यावरही ते ठरत नाहीत. टेबलाखाली आपलं चालणं सुरूच. आई म्हणते रक्त तपासून घे. नर्सने रक्त तपासायचं म्हणजे रांगेत उभं राहायचं, आणि तिथली बाई ओळखीची असल्याने तिची सगळी गाऱ्हाणी ऐकायची. बघू.

तू आलीस की काय काय करायचं याची यादी केलीस का? मी केली नाही. मला नुसतं एका टेबलाशी तुझ्यासमोर बसून जेवायचं आहे. खरं सांगते, अकरा वर्षांत एवढीच एक गोष्ट हवी होती.

ताई


२१ मार्च

धाकटे,

हे पत्र पाठवेन की नाही माहीत नाही. दोन दिवस आजारपणाच्या रजेवर आहे आणि घरात बसवत नाही.

बाईंच्या चहात थेंब होते.

कसं झालं ते सांगते. मार्चच्या सुरुवातीलाच बाईंचा मुलगा मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत रडला. वाईट माणूस नाही तो. आई डोळ्यांसमोर काडी होत चाललीय, कुणाचाही धीर सुटेल. डॉक्टरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "सिस्टर, तुमचं ऐकतात त्या. चहात घाला." मी म्हटलं, "लिहून द्या." ते म्हणाले, "तुम्हाला काय लिहून द्यायचं? एवढी वर्षं झाली तुमची. लिहिलं की फॉर्म आले, दुसऱ्या डॉक्टरची सही आली, बैठक आली. तोवर त्या उपाशी मरतील, मग लिहा सावकाश."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्यांची नावं माहीत नसतात, पण त्याचं सगळंच खोटं असतं असं नाही. बाई खरंच मेल्या असत्या. आणि आमच्यात एक वाक्य आहे, जे लिहिलं नाही ते केलं नाही. पहिल्या वर्षाला हे शिकवतात ते आम्हाला धाक बसावा म्हणून. वीस वर्षांनी त्याचा दुसरा उपयोग कळतो. थेंब लिहिले नाहीत, म्हणजे थेंब घातले नाहीत.

अर्ध्या कपाची अट मी डॉक्टरांना सांगितली. म्हटलं, निम्मं औषध माझ्या पोटात जातंय. ते म्हणाले, "मग थेंब दुप्पट करा." आम्ही दोघंही हसलो. आणि मी दुप्पट केले.

घोट घेतल्यासारखं करायची सोय नव्हती. बाई माझ्या गळ्याकडे बघत बसायच्या, घोट खाली उतरतो का ते. आम्ही गोळी दिल्यावर पेशंटची जीभ वर करून बघतो ना, तसंच. फरक एवढाच की त्या माफी मागायच्या. "सवय लागलीय सिस्टर, राग मानू नका."

परवा औषधाच्या ट्रॉलीशी उभी होते. मान डावीकडे ओढली गेली ती परत येईना. जीभ जड. समोरचा पेशंट घाबरून ओरडायला लागला, आणि मला बोलता येईना की घाबरू नकोस. इन्चार्जनी एकदाच बघितलं. हे आम्ही इतक्या जणांना होताना पाहिलंय की विचारावं लागत नाही. त्यांनी मला स्टोअरमध्ये नेलं, इंजेक्शन दिलं, दहा मिनिटांत मान सुटली. मग दार लावून म्हणाल्या, "किती दिवस घेतेयस?" मी सांगितलं. त्या पट्ट्यांच्या खोक्यावर बसल्या. "घरी जा," म्हणाल्या. "कुणाला बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आता घरात बसलेय आणि पाय चालतायत. बसले की उठावंसं वाटतं, उठले की बसावंसं. मेंदूला म्हणावं थांब, पायांना म्हणावं थांबा, कुणी ऐकत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, ते किती खरं आहे. हा त्रास मी वीस वर्षं रजिस्टरात एका शब्दात लिहीत आलेय. "अस्वस्थ." बस. एवढाच.

तू म्हणायचीस, "ताई, माझे पाय माझ्यात राहत नाहीत गं." मी म्हणायचे, जा, एक चक्कर मारून ये. आणि तुझी रेघ. तू नकाशे काढायचीस तेव्हा पट्टीशिवाय ओढलेली रेघसुद्धा सरळ यायची. ती थरथरायला लागली, ऑफिसातून दोनदा नकाशे परत आले, तिसऱ्यांदा त्यांनी तुलाच घरी पाठवलं. मी मनात नोंद करत होते, आजार वाढतोय. आणि नोंद केली की थेंब वाढवायचे.

हे शेवटचं वाक्य खोडायला हवं. खोडत नाही, पण पत्र ठेवून देते.


२९ मार्च

प्रिय धाकटे,

मधे पंधरा दिवस पत्र नाही म्हणून काळजी करू नकोस. कामावर परत रुजू झालेय. हातासाठी एक गोळी चालू आहे, आता बरा आहे, अक्षरावरून दिसत असेल.

बाई पुष्कळ सुधारल्या. अंघोळ करतात, वर्तमानपत्र वाचतात, पेशंटच्या रांगेत कुणी घुसलं तर ओरडतात. वॉर्डातल्या मावशींना त्या हिशोबाचं पुस्तक वाचून दाखवायला लावतात आणि चुकलं की "परत" म्हणतात. मावशी मला म्हणाल्या, "सिस्टर, यांना बऱ्या केल्यात ते ठीक, पण इतक्या?" येत्या मंगळवारी घरी सोडायचंय. सूनबाई येणार आहे, तिला मला काही गोष्टी समजावून द्यायच्या आहेत.

आई तुझ्यासाठी चादर धुवून, वाळवून, परत धुते. म्हटलं फाटेल. तर म्हणते, मी काही स्वयंपाकघरात जात नाहीये ना?

बाकी विशेष नाही. आल्यावर बोलू.

ताई


५ एप्रिल

प्रिय धाकटे,

बारा तारखेच्या आत हे तुझ्या हातात पडावं म्हणून रजिस्टर पोस्टाने पाठवतेय. सोबत एकवीस मार्चचं पत्र आहे, तेव्हा न पाठवलेलं. आधी ते वाच.

वाचलंस? आता मंगळवारचं सांगते.

सूनबाई आली. वयाने लहान आहे, खाली बघून बोलते. मोठ्या डॉक्टरांनी तिच्या हातात बाटली दिली आणि मला म्हणाले, सिस्टर, हिला दाखवा कसं घालायचं ते. मी तिला नर्सेसच्या खोलीत नेलं. एक पेला घेतला, ड्रॉपर धरला, म्हटलं, आधी थेंब, वरून दूध, म्हणजे ढवळावं लागत नाही. चमच्याचा आवाज होत नाही. तिने सगळं बघितलं आणि विचारलं, "पण सिस्टर, त्यांना विचारून दिलं तर?"

मी ड्रॉपर परत बाटलीत ठेवला. हाच प्रश्न मला आधीही विचारला गेलाय, आपल्या स्वयंपाकघरात. ते पुढे सांगते.

मी सूनबाईला तिथेच बसायला सांगितलं आणि वॉर्डात जाऊन बाईंच्या खाटेवर बसले. त्या म्हणाल्या, "चहा कुठाय?" मी म्हटलं, "बाई, चहात औषध होतं. पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं कप फेकतील, पण कपच नव्हता. त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. दोन दिवस पाण्याचा थेंब घेतला नाही. डिस्चार्ज पुढे गेला, मुलगा माझ्यावर ओरडला, डॉक्टर त्याच्यासमोर ओरडले. तिसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावलं. उठून बसल्या होत्या. म्हणाल्या, "किती थेंब?" मी सांगितलं. "तुम्ही अर्धा प्यायचात. मग मोजलेत कसे?" मी म्हटलं, दुप्पट केले. "म्हणजे माझ्याइतकंच तुम्हीही घेतलंत?"

"हो."

"का?"

"तुम्ही बघत होतात म्हणून."

"मूर्ख आहात," त्या म्हणाल्या. वर्गात मागच्या बाकावरच्या पोरीला म्हणावं तसं. मग म्हणाल्या, "माझी फाइल आणा. सगळं लिहा. तारीख, वेळ, थेंब. माझ्यासमोर."

मी लिहिलं. माझ्या रजेचे दिवस सोडून तीन आठवड्यांच्या प्रत्येक दिवसाची ओळ, आणि प्रत्येक ओळीपुढे "पेशंटला न सांगता". बाईंनी ते दोनदा तपासलं, एका ठिकाणी तारीख चुकली होती ती दुरुस्त करायला लावली. खाली मी सही केली. लिहिलं, म्हणजे आता केलं.

डॉक्टरांनी हात वर केले. असा आदेश मी दिलाच नव्हता, म्हणाले, आणि कागदावर बघायला गेलं तर त्यांचंच खरं आहे. मला नोटीस आलीय, पंधरा दिवसांत खुलासा द्यायचा. तोवर औषधाला हात लावायचा नाही म्हणून कपड्यांच्या स्टोअरला बसवलंय, दुपारच्या पाळीला. पाळीभर उशांचे अभ्रे मोजते. लायसन्स जाईल का, माहीत नाही. इन्चार्ज म्हणतात सहा महिने तरी जाईल. त्या माझ्याशी नीट बोलत नाहीत, कारण आता त्यांनाही विचारणार आहेत की तुम्हाला कधी कळलं.

आणि बाई? बाई बऱ्या होऊन, माझे हात हातात घेऊन, स्वतः गोळी मागून घरी गेल्या, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. त्या औषध न घेता घरी गेल्या. जाताना औषधाची माहिती छापलेला कागद मात्र मागून घेतला, चार घड्या करून पर्समध्ये ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. आता त्या काय खातात, मला माहीत नाही. खरं बोलून मी त्यांचं भलं केलं की वाटोळं, हेही माहीत नाही. हे तुला मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं जे लिहिणार आहे ते काही मिळेल म्हणून लिहीत नाहीये.

धाकटे, ते थेंब मी आणले होते.

बाबा गेले त्या वर्षी तू म्हणायला लागलीस की भिंतीपलीकडचे आपलं बोलणं ऐकतात. रात्री खुर्ची दाराला लावायचीस. मी तेव्हा मानसिक वॉर्डात नऊ वर्षं काढलेली, मला वाटायचं माणूस उंबऱ्यातून आत आला की मला निदान कळतं. तुला कुणा डॉक्टरला दाखवलं नाही. वॉर्डातल्या एका डॉक्टरला चालता चालता विचारलं, त्यांनी चालता चालता सांगितलं, पाच थेंबांनी सुरू कर. बाटली ट्रॉलीतून आणली. तू खरंच आजारी होतीस, की वडील गेलेली एक घाबरलेली मुलगी होतीस, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. तुला तपासलंच नाही कुणी.

आईला मी शिकवलं. आधी थेंब, वरून दूध. तिने विचारलं, "तिला विचारून देऊ या का गं?" तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी चिडून म्हटलं, "तू आई आहेस. मी नर्स आहे." त्यानंतर तिने विचारलं नाही. मी सकाळपाळीला असले की ती द्यायची, नसले की मी. तू म्हणायचीस, "ताई, तू पण घे," आणि मी एकाच पातेल्यातलं दूध दोन पेल्यांत ओतून तुझ्यासमोर बसून प्यायचे. थेंब तुझ्या पेल्याच्या तळाशी आधीच असायचे. तू आईच्या हातचं हुंगून बघायचीस. माझ्या हातचं कधी हुंगलं नाहीस.

ज्या दिवशी तू आईला बाटलीसकट पकडलंस, त्या दिवशी मी दारातच होते. खांद्याला पर्स, पायात चपला. तू विचारलंस, "हे कुणी आणलं?" आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मीच आणलं," म्हणाली. "ताईला यातलं काही माहीत नाही." मी चपला काढल्या, जागेवर ठेवल्या, आणि गप्प बसले. चार दिवसांनी तुला स्टेशनवर सोडायला आले तेव्हा तुझ्या गळ्यात पडून म्हटलं, "आईचं मन वाईट नाही गं." आणि तीन वर्षांपूर्वी तुला लिहिलं, आईला माफ कर. माझ्या कामासाठी आईला माफ कर. तू कार्ड बंद केलंस ते बरोबरच केलंस, फक्त कारण तुला ठाऊक नव्हतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आमच्याकडे तर संन्यासी स्वतःच दोर धरून उभा होता, आणि चोर त्याला रोज जेवायला वाढत होता.

तुझं कार्ड आलं तेव्हा मला वाटलं, सुटले. तू येणार, माझ्याच हातचं खाणार, आई गॅलरीत बसणार, चार दिवस निघून जातील. तेरी भी चुप मेरी भी चुप. आणि खरं सांगते, मी ते केलं असतं. आनंदाने केलं असतं.

काल आईला सांगितलं की मी तुला सगळं लिहितेय. ती अशी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "अकरा वर्षं मी तोंड मिटून बसले, ती काय तू आज उघडावंस म्हणून? मी नकोशी झालेच होते. म्हटलं, तिला तू तरी उरावीस. माणसाला घरात एक तरी जागा लागते, जिथे पेला हुंगावा लागत नाही." मी म्हटलं, "आई, ती जागा खोटी आहे." ती म्हणाली, "असेल. पण तिची आहे." मग उठली, आत गेली, आणि बराच वेळ काहीतरी निवडत बसली. निवडायला घरात काहीच नव्हतं, मी नंतर बघितलं.

मला तुझी माफी मागायची आहे, पण मागितली की ते उत्तर मागितल्यासारखं होतं, म्हणून मागत नाही. लाज वाटते, एवढं लिहिते. तुझ्या हाताची वाटते. तुझ्या पायांची वाटते. सगळ्यात जास्त त्या दुसऱ्या पेल्याची वाटते.

बारा तारखेचं तिकीट तुझ्याकडे आहे. यायचं ठरवलंस तर मी त्या चार दिवसांत घरात नसेन. नर्सेसच्या हॉस्टेलवर एक खाट रिकामी आहे, मी विचारून ठेवलंय. तू आणि आई काय शिजवायचं, कुणी शिजवायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही आलीस तरी मी समजेन. पण नाही यायचं असेल तर ते माझ्यामुळे असू दे. आईमुळे नको.

आई दुपारी तीनपर्यंत पडलेली असते. तीन ते आठ ती घरात एकटी असते, मी स्टोअरला. घरचा नंबर तोच आहे. फोन उचलायची तिला सवय नाही, कारण इतकी वर्षं येणारा प्रत्येक फोन माझ्यासाठीच असतो. त्यामुळे तू केलास तर जरा जास्त वेळ वाजू दे.

ताई